ठमीने दोनदा दिलेलं औषध

ठमी खोटं बोलू शकत नाही. ती परिचारिका रोबो आहे. खोटं बोलायची सोयच तिच्यात नाही. मग तिने केयूरला दुखणं थांबवायचं औषध दोनदा का दिलं?

चंद्रावरच्या धवलनगरच्या दवाखान्यात केयूर निपचित पडला होता. जास्तीच्या औषधाने त्याचा श्वास मंदावला होता. आता त्याच्यासाठी यंत्र श्वास घेत होतं. त्याची ताई शाल्मली ठमीवर ओरडली, "पहिला डोस तूच दिलास! मी पाहिलंय!"

"सर्व्हरवर तशी नोंद नव्हती," ठमी म्हणाली. ती स्वतः काहीच लक्षात ठेवत नसे. सगळं सर्व्हरला (नोंदी सांभाळणाऱ्या संगणकाला) विचारायची.

सर्व्हर हेमांगीमावशीच्या ताब्यात होता. तिचा चेहरा पांढरा पडला. "पहिल्या डोसनंतर लगेच वीज गेली होती ना?"

"हो, पण त्याआधी पडद्यावर 'नोंद झाली' आलं होतं!" शाल्मली म्हणाली.

"तेव्हा ती फक्त मेमरीत (वीज असेपर्यंत टिकणाऱ्या जागेत) होती. डिस्कवर (वीज गेली तरी टिकणाऱ्या जागेत) उतरलीच नव्हती."

"मग 'झाली' कशाला म्हणायचं?"

"मीच तसं ठरवलं होतं गं. डिस्कसाठी थांबलं की रांग लांबते, लोक कुरकुरतात. वाटलं, इथे वीज जातेच कुठे!"

शाल्मलीला मावशीचा भयंकर राग आला. मावशीने मान खाली घालूनच सेटिंग बदललं. औषधांची नोंद आधी डिस्कवर, मगच 'झाली'. खोल्यांच्या तापमानाची नोंद मात्र पूर्वीसारखीच. त्यातली एखादी नोंद हरवली तर कुणी मरत नाही.

"डिस्कही लबाड असते," ती म्हणाली. "तिच्या पोटात तिची छोटी मेमरी असते. नोंद तिथे पोचली की ती 'लिहिलं' म्हणून मोकळी होते. ती सवयही बंद केली."

"खात्री काय?"

"वीज तोडून बघ. केयूरच्या श्वासाच्या यंत्राची तार वेगळी आहे."

मावशीने एक खोटी नोंद केली. 'झाली' दिसताच शाल्मलीने सर्व्हरची वीज तोडली. परत सुरू केला, तर नोंद जागेवर होती. तिचं समाधान होईना. तिने पुन्हा पुन्हा वीज तोडून पाहिली. दर वेळी नोंद होतीच.

औषधाची रांग आता खरंच लांबली. रांगेतले खानोलकरकाका वैतागले, "पूर्वी कसं झटपट व्हायचं!"

"व्हायचं ना, काका," शाल्मली म्हणाली आणि तिने काचेपलीकडच्या केयूरकडे बोट दाखवलं.

काचेपलीकडे यंत्राने एक श्वास वगळला. तो केयूरने स्वतः घेतला होता.