रुस्लान साहेबांचा बाक

सुदेश, उद्यापासून ती काळी गाडी तुझ्या हातात. म्हणून एक गोष्ट आधीच कानावर घालतो. तुला घाबरवायचा हेतू नाही. पण मी घाबरलो नव्हतो, असंही सांगणार नाही.

रुस्लान साहेबांना तू पाहिलं नाहीस. तुझं नशीब फुटकं, दुसरं काय! कझाकस्तानातल्या कोळशाच्या गावचा माणूस. तरुणपणी वीटभट्टीवर राबला. सोव्हिएत देश मोडला, भट्टी बंद पडली, वरचे साहेब लोक पसार झाले. यानं चार सोबती गोळा केले आणि विझलेली भट्टी पुन्हा पेटवली. तिथून निघालेला माणूस इथे दुबईच्या पलीकडे, रास अल खैमात टाइल्सचा एवढा कारखाना उभा करतो, आणि तरीही मेसमध्ये आपल्या शेजारी बसून डाळभात खातो! हिंदी बोलायला कामगारांकडूनच शिकला, मोडकंतोडकं, पण गोड. फार जीव होता माझा त्यांच्यावर.

एक खोड तेवढी होती. लांब निघायचं असलं की व्हिलाच्या दाराजवळच्या लाकडी बाकावर आधी बसायचं. त्यांच्या मुलखाची रीत. जाणारे, पोचवणारे, सगळ्यांनी गप्प बसायचं. एक उठला की सगळ्यांनी उठायचं आणि निघायचं. मग परत टेकायचं नाही. मी चुळबुळ करायचो. "बैठो दौलत," म्हणायचे, "रोड किधर भागता है?"

गेल्या हिवाळ्यात ते दुबईच्या हॉस्पिटलात बेशुद्ध होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. दुपारी त्यांची मुलगी अलीना म्हणाली, "दौलत भैया, व्हिला से दादी की शॉल ले आओ. पापा को ओढानी है."

रास अल खैमाला पोचलो तेव्हा वारा सुटला होता. धुळीनं ऊन पिवळट झालं होतं, मागचे डोंगर दिसेनासे झाले होते. व्हिला महिनाभर बंद. आत कोंदट गरमी असणार म्हणून मी दार उघडून जरा थांबलो, तर आतून गारवा आला. आणि वास... भाजलेल्या मातीचा. कारखाना तिथून कितीतरी लांब. मी मनाला समजावलं, वरच्या कपाटातून शाल काढली आणि जिना उतरलो.

बाकावर साहेब बसले होते.

अंगात कोट, पाय अनवाणी. माझ्याकडे न बघता त्यांनी हातानं शेजारची जागा थोपटली. पळायचं सोडून मी जाऊन बसलो. इतक्या वर्षांची सवय रे! माझी त्यांच्याकडची बाजू बधिर होत गेली. त्यांचा श्वास ऐकू येत होता. छातीतून नव्हे... हॉस्पिटलमधलं मशीन सुस्कारतं ना, तसा. एक सुस्कारा... मग शांतता... मग पुन्हा एक.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेब निघाले होते. पण उठल्याशिवाय निघता येत नाही.

म्हटलं, मग मी उठतच नाही. बसा साहेब. रात्र होऊ दे, उद्या उजाडू दे, दौलत हलणार नाही.

बाहेर मगरिबची अजान झाली. दारातला उजेड गेला. खिशात मोबाइल थरथरला, बसल्या बसल्या वाचला. अलीनाचा मेसेज. बीपी वर येतंय, डॉक्टर चकित झालेत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. साहेब तसेच, हात गुडघ्यांवर ठेवून, शांत. अजून थोडं, मी मनात म्हणत होतो, अजून थोडं...

मग रिंग वाजली. अलीना मॅडम.

आपण ड्रायव्हर लोक. मालकाचा फोन म्हटला की पाय आपोआप सरळ होतात. फोन कानाला लावला तेव्हा मी ताठ उभा होतो.

"भैया! पापा ने आँख खोली! मेरी तरफ देखा—"

माझ्या मागे बाक करकरला. भार उतरल्यावर लाकूड करकरतं, तसा. मी धपकन खाली बसलो. पण शेजारी कोणी नव्हतं. फोनवर मशीनचा एक लांबलचक आवाज येत होता, आणि अलीना "पापा... पापा..." म्हणत होती.

तीच काळी गाडी सुरू केली, तर समोर मागच्या सीटचा दिवा पेटला. माणूस बसलाय आणि बेल्ट लावलेला नाही, असं सांगणारा. दुबईपर्यंत तो विझला नाही. आरशात बघायची माझी छाती झाली नाही. एवढंच म्हणालो, "साहेब, माफ करा..."

वर जाऊन शाल दिली. अलीनानं ती त्यांच्या अंगावर नीट पसरली. सगळं आटोपल्यावर तिला घरी न्यायला मी गाडी दारात लावली. दिवा पेटलेलाच. तिनं साहेब नेहमी बसायचे त्या बाजूचं मागचं दार उघडलं, क्षणभर आत बघितलं, हलकेच लावलं आणि वळसा घालून पलीकडून बसली.

मग वाकून तिनं त्या रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि लावला. दिवा विझला.

दिव्याबद्दल मी तिला एक अक्षरही बोललो नव्हतो, सुदेश.