उमाळा

न्याहारीच्या गर्दीत झैद मुलाणीचा कोपर लागला आणि स्वराज काटकरची उपिटाची ताटली फरशीवर आपटली. दोघंही ताडकन उभे राहिले. मुठी वळल्या, माना ताठ झाल्या. एवढ्यात दोघांच्याही कानामागच्या बोटभर पट्टीवर निळा ठिपका उजळला आणि मुठी सैल पडल्या. स्वराजनं वाकून उपीट गोळा केलं, झैद त्याच्यासाठी दुसरी ताटली घेऊन आला. दाराशी बसलेल्या शिपायानं मानही वर केली नाही.

प्रणिता हुलवळे खिडकीपाशी उभी राहून हे पाहत होती. सांगोल्याच्या माळावरच्या या माणकाठ किशोरगृहात ती समुपदेशक होती. गुन्हा करून आलेली पोरं इथं राहत. कोणी चोरीत सापडलेलं, कोणी मारामारीत. पूर्वी याच जेवणघरात कुणाचं ना कुणाचं डोकं फुटल्याशिवाय आठवडा सरत नसे. आता पोरं एकमेकांना ताटल्या आणून देत होती. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता, कारण ही पट्टी घडवणाऱ्या चमूत ती स्वतः होती. ‘उमाळा’ हे नावही तिनंच सुचवलेलं.

माणसाच्या मेंदूपासून निघून मानेतून थेट काळजापर्यंत, पोटापर्यंत उतरणारी एक चेता, म्हणजे मज्जातंतू, असते. तिला प्राणेशा म्हणतात. घाबरलेलं लेकरू आईच्या कुशीत शिरलं की त्याचा श्वास लांबतो, ठोके संथ होतात, ते बरंचसं या प्राणेशेचं काम. तिची एक बारीक फांदी कानाशी येते. उमाळा तिथंच बसे, ठोके आणि घाम जोखत राही, आणि अंगात धोक्याची घंटा वाजू लागली की हलकीशी ऊब देऊन पोराला सावध करी. पुढचं काम पोराचं. छातीवर हात ठेवायचा, श्वास लांबवायचा आणि जिवलग मित्राशी बोलावं तसं स्वतःशी बोलायचं. प्रणिता याला करुणोपचार म्हणे.

मग वरच्या कार्यालयात कुणाला तरी वाटलं, नुसती ऊब देऊन थांबायचं कशाला? पट्टीनंच प्राणेशेला विजेचं सौम्य स्पंदन द्यावं आणि राग परस्पर निववावा. या सोयीला ‘स्वयंशांती’ असं नाव मिळालं. मारामाऱ्या बंद झाल्या. दुसऱ्या राज्यांतून लोक पाहायला येऊ लागले, आणि अधीक्षक मोहिते त्यांना जेवणघर दाखवताना छाती पुढं काढून चालू लागले. पट्टी बाजारातही आली. शाळांमधून, घरांमधून पोरांच्या कानामागं दिसू लागली.

प्रणिताच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती स्वराजमुळं. गावातल्या क्रिकेटच्या सामन्यात तो धावबाद ठरला, वाद झाला, आणि त्यानं उपटलेला स्टंप अथर्व शेंडगे नावाच्या पोरावर फेकला. अथर्व त्याच्याच शाळेतला. त्याचा डावा डोळा गेला. ज्याचं नुकसान केलं त्याची तयारी असेल तर सुटकेआधी त्याच्या समोर बसून बोलायचं, अशी माणकाठची रीत होती. अथर्वच्या घरून होकार आला होता. म्हणून प्रणितानं स्वराजकडून तालीम करून घेतली. माझं चुकलं, मला पश्चात्ताप होतोय, असं सगळं तो न अडखळता बोलला. पाठ केलेली कविता म्हणावी तसं.

“हे बोलताना कुठं दुखतंय का?” तिनं विचारलं.

त्यानं खरोखर अंगात शोधून पाहिलं. “कुठंच नाही, ताई. आधी दुखायचं. आता अथर्वचं तोंड आठवायला लागलं की पट्टी निववती, अन् तोंडच पुसून जातं.”

प्रणिता तशीच मोहित्यांकडे गेली. पोरं शांत आहेत, पट्टी तुमचीच आहे, मग तुम्हालाच ती का खुपतेय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली की ज्याला स्वतःचं दुखणं कळत नाही त्याला दुसऱ्याचं काय कळणार. उद्या ही पोरं बाहेर पडतील ती कोरी होऊन. मोहिते मनगट चोळू लागले. जेवणघरातल्या जुन्या मारामारीत मोडलेलं ते मनगट अजून नीट वळत नव्हतं. अखेर तिच्या गटापुरती स्वयंशांती बंद करायला ते तयार झाले, पण दोन अटींवर. गटातल्या प्रत्येक पोराची स्वतःची संमती हवी, आणि कुणाला इजा झाली की त्याच क्षणी पुन्हा चालू.

पोरांना तिनं काही लपवून ठेवलं नाही. राग येईल, भीती येईल, झोप उडेल, असं स्पष्ट सांगितलं. मग झैद म्हणाला, “माझी दादी गेली तवा मला रडूच आलं नाही. सख्खी दादी. माझ्यापुरतं तरी बंद करा.” त्याच्यामागून एकेकानं मान डोलावली. स्वराजची मान सगळ्यात शेवटी डोलली.

पुढचे आठवडे फार जड गेले. पोरं ओरडली, रडली, त्यांनी उशा फाडल्या. स्वराजचं खाणं तुटलं. मनाच्या आत कोण काय बोलतंय, असं प्रणितानं विचारलं तेव्हा तो म्हणाला की एकच वाक्य सारखं ऐकू येतं, तू माणसात राहायच्या लायकीचा नाहीस.

“हेच झैद स्वतःबद्दल म्हणाला, तर तू त्याला काय सांगशील?”

“त्याला म्हणेन, बस इथं. पळू नको. मी हाय.”

“मग तेच स्वतःला सांग.”

स्वराजनं मान हलवली. “मी माझ्यावरच माया करत बसलो तर अथर्वचं काय, ताई? त्याचा तर डोळा गेलाय.”

हा प्रश्न तिच्या पट्टीनं कुठल्याच पोराला पडू दिला नव्हता. प्रणिताला त्याचा अभिमान वाटला. ती म्हणाली, “आजवर स्वतःला इतक्या शिव्या घातल्यास, त्यातून अथर्वला काय मिळालं? लाजेनं माणूस तोंड लपवतो, स्वराज. तुला तर त्याच्यासमोर जाऊन बसायचंय. त्यासाठी बळ लागतं, आणि ते बळ मायेतूनच येतं.”

त्याला ते लगेच पटलं नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो खोलीचं दार लाथांनी झोडपू लागला. शिपाई धावला. मोहितेही आले, आणि त्यांच्या हातातल्या फोनवर स्वयंशांतीची कळ तयार होती. पण त्यांच्या आधी झैद आत पोचला होता. स्वराजला न धरता, न समजावता तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि मोठ्यानं, सावकाश श्वास घेऊ लागला. थोड्या वेळानं स्वराज त्याच्या शेजारी टेकला. श्वास चुकत होता, तुटत होता, मग हळूहळू झैदच्या श्वासाला येऊन मिळाला. मोहित्यांनी फोन खिशात टाकला. परत जाताना ते प्रणिताला म्हणाले, “पोरांना पोरांपासून सोडवण्यातच माझी सारी नोकरी सरली. पोरानं पोराला सावरलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.”

भेटीच्या दिवशी वरच्या कार्यालयातून निरोप आला, निदान तेवढ्या वेळापुरती स्वयंशांती चालू ठेवा. मोहित्यांनी तो निरोप जसाच्या तसा स्वराजला सांगितला आणि निर्णय त्याच्यावर सोपवला. स्वराजनं कानामागची पट्टीच काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

अथर्व त्याच्या आईबरोबर आला. सुरेखाबाई शेंडगे अंगणवाडीत शिकवत. सावकाश आणि नेमकं बोलत. त्यांनी सगळं सांगितलं. पोराच्या डोळ्यावरचं बँडेज सोडलं तो दिवस. जिन्यावरून त्याचं पडणं. वर्गातल्या पोरांनी ठेवलेलं नाव. स्वराजचा चेहरा पांढरा पडत गेला. एकाएकी तो उठला आणि दाराकडे निघाला.

प्रणिताचे पाय उचलले जात होते, पण ती जागची हलली नाही. दाराशी पोचल्यावर स्वराज थांबला. पाठमोऱ्यानंच त्यानं छातीवर हात ठेवला. ओठ हलले, काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही. मग तो वळला आणि परत येऊन खुर्चीत बसला. पोटच्या पोरानं मैदान मारावं तसा प्रणिताचा ऊर भरून आला.

“भांडण झालं म्हणून तुझा डोळा गेला नाही,” तो अथर्वकडे बघत म्हणाला. “मी स्टंप मारला म्हणून गेला. तुला लागावा म्हणूनच मारला. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यानं नजर खाली घेतली नाही. माफीही मागितली नाही. ती मागायचा हक्क आपल्याला अजून नाही, एवढंच म्हणाला. सुरेखाबाईंनी ती देऊही केली नाही.

मग अथर्वनं विचारलं. “दाराशी छातीवर हात ठेवून काय करत होतास?”

स्वराजनं अडखळत सांगितलं. पळून जावंसं वाटलं की असं करतो. आत एक जण शिव्या घालतो, त्याच्या शेजारी दुसरा उभा करतो. तो म्हणतो, बस, मी आहे.

सुरेखाबाई प्रणिताकडे वळल्या. अथर्व घरात ताटं फेकतो, आरसे फोडतो, दिवसचे दिवस बोलत नाही, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी त्यालाही स्वयंशांती लावायला सुचवली होती. आठवडाभरात पोर शांत होईल म्हणाले होते. पट्टी घरी आणून ठेवलेली होती.

“मला ती नको, आई,” अथर्व म्हणाला. “मला हे शिकायचंय. याच्याकडून.”

मोहित्यांनी प्रणिताकडे पाहिलं. पण उत्तर तिनं द्यायचं नव्हतंच. सुरेखाबाईंनी आपल्या मुलाकडे पाहिलं, मग समोरच्या पोराकडे, ज्याला कधीच क्षमा करायची नाही असं ठरवून त्या घरातून निघाल्या असतील. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच उत्तर हवं असलेल्या माणसासारखं त्यांनी विचारलं,

“ज्यानं डोळा घेतला, त्याच्याकडूनच माझ्या पोरानं धीर घ्यायचा का?”