एकशे अठ्ठेचाळीसच्या पुढे

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. घडलं ते खरं आहे, एवढंच. १६ जानेवारी २०२५, गुरुवार, दुपारचे साडेतीन. पुण्यातल्या एका कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. कॉलेजचं नाव सांगणार नाही. मला तिथूनच एम.एस्सी. व्हायचंय.

मी पूर्वा. बिबवेवाडीत राहते.

माझ्या प्रकल्पातला पदार्थ १६२ अंशांना वितळत होता. श्रीनिवास सरांच्या जुन्या शोधनिबंधात तोच पदार्थ १४८ ला वितळतो, असं छापलेलं.

मी तो तीनदा शुद्ध केला. तीनदा १६२.

"आपण नवीन रसायनशास्त्र लिहायला घेतलंय का?" सर म्हणाले. सोमवारपर्यंत वहीत १४८ दिसलं नाही तर सही मिळणार नव्हती.

सही नाही म्हणजे वर्ष गेलं.

मेल्टिंग पॉइंट काढायला दोघं लागतात. बारीक काचनळीत चिमूटभर पूड भरायची, नळी थर्मामीटरला बांधून तेलात सोडायची, खाली बर्नर. एकाने भिंगातून पूड पाहायची. डोळा हलवायचा नाही, पापणी लवली की तो क्षण गेला. दुसऱ्याने मागे उभं राहून पारा मोठ्याने वाचायचा.

माझी जोडीदार चैताली त्या दिवशी आली नव्हती.

वाचन पहिलं
पूड पाहणारी: पूर्वा
पारा वाचणारी: —

ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद केले. भिंगाला डोळा लावला.

आणि मागून...

"एकशे चाळीस."

मुलीचा आवाज. हळू, स्पष्ट. वाटलं, चैताली उशिरा का होईना, आली. मी डोळा हलवला नाही.

"एकशे सत्तेचाळीस... एकशे अठ्ठेचाळीस."

मग काहीच नाही.

पूड तशीच कोरडी. मी म्हटलं, अगं वाच ना.

वळून पाहिलं.

कोणी नव्हतं.

दाराशी स्टुलावर प्रयोगशाळेचे शिपाई बद्रीनाथकाका बसले होते. ते म्हणाले, कोणीच आत गेलं नाही. मग त्यांनी विचारलं, आवाज कुठवर आला?

मी आकडा सांगितला.

काका स्टूल माझ्याजवळ ओढून सांगू लागले. नऊ वर्षांपूर्वी सरांकडे कल्याणी नावाची मुलगी होती, हाच पदार्थ. तीही १६२ म्हणत होती. पंधरा दिवस भांडली, शेवटी १४८ लिहून मोकळी झाली. निकालाआधीच डेंग्यूने गेली.

"घरी जा, बाळ. सर सांगतात ते लिही."

मी घरी गेले नाही.

वाचन दुसरं
पूड पाहणारी: पूर्वा
पारा वाचणारी: कल्याणी

हो, लिहिलं मी ते नाव. तेल निवू दिलं, नवी नळी भरली, बर्नर पुन्हा लावला.

"एकशे अठ्ठेचाळीस."

शांतता. समोर बर्नर, आणि मान मात्र गार पडत चाललेली...

"पुढे वाच," मी म्हटलं. "मी बघतेय. मी १४८ लिहिणार नाही."

...

...

"एकशे एकोणपन्नास."

ती थांबली नाही. एकशे बासष्टला पूड पाणी झाली.

सोमवारी सर खात्री करायला स्वतः भिंगाशी बसले. मला पारा वाचायला सांगितलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "जरा हळू वाचा, पूर्वा. इथेच बसलोय मी."

मी अजून तोंडच उघडलं नव्हतं.

एकशे अठ्ठेचाळीसला सर म्हणाले, बस.

आवाज थांबला नाही.

एकशे बासष्ट. त्यांच्या डोळ्यांसमोर पूड वितळली. सर उठले. मागे पाहायचं त्यांनी टाळलं. माझ्याकडेही न बघता निघून गेले.

सही अजून झालेली नाही. वहीत १६२ आहे. वर्ष गेलं तरी बेहत्तर, खोडणार नाही. ते नावही नाही.

फक्त एक गोष्ट...

सर गेल्यावर मी बर्नर बंद केला. पारा उतरू लागला. दीडशे. एकशे तीस. शंभर.

मागे आवाज मात्र चढत होता.

"एकशे नव्वद... एकशे एक्याण्णव..."

मी बाहेर आले, काकांनी कुलूप लावलं, तेव्हा आत दोनशे दहा झाले होते.

ती कशाचा पारा वाचत होती, मला माहीत नाही.