टेम्पोत मागे बसलेला

डीजेवाल्यांची बैठक खामगावात महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरते. जागा म्हणजे इंद्रभानचं गोडाऊन. दिवसभर कामधंदा करून हौसेनं गाणी लावणारे असतात, त्यावरच पोट असलेले असतात. कुणाचा आवाज फाटतो, कुणाचा ॲम्प्लिफायर तापतो, ज्याला जे ठाऊक तो ते सांगतो. साठी गाठलेला इंद्रभान एरवी ऐकत बसतो. त्या सोमवारी नऊच्या सुमारास एका पोरानं सहज सांगितलं, परवा पट्टा तुटला म्हणून मी टेम्पोत मागंच बसून आलो, बेसची खोकी धरून.

इंद्रभाननं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मागे बसत नको जाऊ," तो म्हणाला. "मी शिवमची गोष्ट सांगतो. शिवमनं मले सांगितली तशी."

शिवम तेलाच्या मिलमध्ये वजनकाट्यावर कामाला होता. डीजेचं काम हौसेचं, शनिवार-रविवारचं. जोडीला राम. दोघांनी मिळून सामान जमवलं होतं: आठ बेस म्हणजे घुमणाऱ्या आवाजाची जड खोकी, चार टॉप म्हणजे बारीक आवाजाचे स्पीकर, आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर, एक जनरेटर. टेम्पो भाऊरावचा, चालवायचाही तोच; चारी बाजूंनी पत्रा असलेला बंद बॉडीचा, मागच्या दाराला बाहेरून लोखंडी कडी.

दोन हजार तेवीसचा फेब्रुवारी, अकरा तारीख, शनिवार. जळगाव जामोदला हळदीचा कार्यक्रम होता. दहाच्या ठोक्याला आवाज बंद केला, वायरी गुंडाळल्या, सामान चढवलं. निघायला पावणेबारा झाले. आणि नेमका तेव्हा बेसच्या थप्पीचा पट्टा तुटला. दुसरा पट्टा नव्हता. एकावर एक चार बेस, एकेक दोन माणसांनी उचलायचा. रस्त्यात थप्पी कोसळली असती तर सगळा खेळ खलास. शेवटी ठरलं की तुटक्या पट्ट्याला गाठ मारायची आणि शिवम-रामनं मागं बसून तो आवळून धरायचा, खामगावपर्यंत.

शिवम आधी चढला. पुढच्या पत्र्याला पाठ लावून थप्पीच्या आड बसला, पट्टा दोन्ही मनगटांना गुंडाळला. पाय लांब करायला जागा नव्हती. मग टेम्पो जरा हलला, जसं कुणी चढल्यावर हलतो. दार लागलं. बाहेर कडी पडली. आत असा अंधार झाला की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना.

"बसला का बे?" शिवमनं विचारलं.

"बसलो," समोरून आवाज आला.

रामचा घसा संध्याकाळपासून बसला होता, माईकवर ओरडून ओरडून. त्यामुळं तो घोगरा आवाज शिवमला काही वेगळा वाटला नाही.

गाडी निघाली. दोघं बोलायला लागले. बोलणं म्हणजे आपल्या धंद्याचंच, दुसरं काय. आणि त्या रात्री राम फार छान बोलत होता. नवरदेवाच्या मामाच्या हातात माईक द्यायचा नाही, दिला की परत येत नाही, असं म्हणाला तेव्हा शिवम मोठ्यानं हसला. नाचून नाचून लोक थकले की लगेच जोराचं गाणं लावू नये, दोन हलकी लावावी, लोकांना पाणी पिऊ द्यावं, असंही त्यानं सांगितलं. आणि मग म्हणाला,

"हळदीत एक गाणं आजीसाठी राखून ठेवजो. आजी उठली का सारं घर उठते."

दोन वर्षं सोबत काम करून रामनं आपल्याला हे कधी सांगितलं नाही, याचं शिवमला नवल वाटलं. हे सारं कुठून शिकला, हा प्रश्न त्यानं विचारला नाही, उगाच बोलणं तुटेल म्हणून. मधेच राम म्हणाला की उन्हात कॅसेट ठेवू नको, पट्टी आखडते. जुन्या लोकांची नक्कल करतोय, असं समजून शिवम पुन्हा हसला.

समोरचा हसला नाही.

पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे शिवमच्या खिशातला फोन वाजला. पट्टा एका हातात घेऊन त्यानं कसाबसा फोन काढला. पडद्यावर नाव होतं... राम.

त्यानं फोन कानाला लावला.

"झोपला तं नाई ना?" रामचा आवाज. मागं इंजिनाचा आवाज, भाऊरावच्या टेपवरचं भजन. "भाऊरावले झोप येऊन राह्यली होती, म्हणून मी पुढं बसलो त्याच्याशी बोलत. त्यानं तुले सांगितलं ना?"

शिवम काही बोलायच्या आत रेंज गेली.

फोनचा उजेड क्षणभर राहिला. समोर जनरेटर होता आणि त्याला घट्ट चिकटून दुसरी थप्पी. मधे चार बोटं शिरतील एवढीही जागा नव्हती. तिथं माणूस बसू शकतच नव्हता.

उजेड विझला.

"कोणाचा फोन होता?" समोरून विचारलं.

शिवमनं फोन पुन्हा पेटवायला अंगठा टेकवला. तेवढ्यात टेम्पो पुलाच्या सांध्यावर आदळला. थप्पी हलली, त्यानं झटकन दोन्ही हातांनी पट्टा ओढला आणि फोन सुटून बेसच्या फटीत कुठंतरी गेला. खाली वाकावं तर पट्टा सुटतो. पट्टा सोडावा तर चार बेस छातीवर. त्यानं डोक्यानं पाठीमागचा पत्रा ठोकला, दोनदा, तीनदा. पलीकडे भजन चालू होतं.

"नको ठोकू," आवाज म्हणाला. "ऐकू जात नाई. म्या लय ठोकलं."

शिवमनं ठोकणं थांबवलं.

गाडीचा आवाज. पत्र्याची थरथर. आणि मग त्याच्या ध्यानात आलं... समोरचा श्वास आता समोर नव्हता. डावीकडे होता. गुडघ्याच्या जवळ.

"बोल ना," आवाज म्हणाला. "तू काऊन थांबला?"

शिवमनं घाबरून काहीतरी बोलायचं म्हणून बोलायला सुरुवात केली. आजकाल लॅपटॉपवर गाणी कशी लावतात ते सांगितलं. श्वास मागं गेला. पुन्हा समोर, जनरेटरपाशी.

असं ते चाललं. तो बोलत राहिला की ते तिकडे. तो थांबला की ते इकडे.

"अजून सांग. लय दिस झाले, नवं कोणी सांगत नाई," आवाज म्हणायचा. त्यात राग नव्हता. इंद्रभान म्हणतो, शिवमला त्याचीच जास्त भीती वाटली. एखादा माणूस जेवायला बसावा आणि वाढणाऱ्याकडं पाहत राहावा, तसा तो आवाज.

शिवमनं पेनड्राइव्हचं सांगितलं. दोन गाणी एकमेकांत कशी मिसळायची ते सांगितलं. अर्थिंग तपासायचं, पावसात ताडपत्री कशी बांधायची, पोलीस आले की काय बोलायचं. हाताला मुंग्या आल्या होत्या. पट्टा मनगटात रुतला होता. माणसाला दोन वर्षांत येतं तरी किती... नांदुऱ्याचं रेल्वे फाटक लागलं, गाडी थांबली, तेव्हा त्याच्याजवळचं सगळं संपत आलं होतं. फाटकावर तो किंचाळला. मालगाडी जात होती. डब्यामागून डबे. कुणाला ऐकू जाणार?

मालगाडी गेली. टेम्पो निघाला.

"अजून," आवाज म्हणाला.

"संपलं," शिवम म्हणाला.



मग उजव्या कानाशी, इतक्या जवळ की केस हलले...

"एवढंच?"

शिवमला रडू फुटलं. आणि रडता रडता, कधीच कुणाला न सांगितलेली एक गोष्ट त्याच्या तोंडून निघाली. मागच्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत एक म्हातारा घरातून बाहेर आला होता. त्यानं हात जोडले, आवाज कमी करा म्हणाला, घरात बायको आजारी आहे. पोरं पाहत होती. पोरांनी हसावं म्हणून शिवमनं आवाज वाढवला. म्हातारा हात जोडूनच उभा राहिला, गाडी पुढं जाईस्तोवर. त्याच्या बायकोचं पुढं काय झालं, हे शिवमनं कधी विचारलं नाही. त्या गल्लीतून तो पुन्हा गेलाच नाही.

कानाजवळचा श्वास थांबला होता. ऐकत होता.

"हे कोणाले सांगितलं होतं?"

"कोणालेच नाई."

"मंग बस."

बस म्हणजे पुरे, की बस म्हणजे इथंच बसून राहा... ते शिवमला आजही कळलेलं नाही.

त्यानंतर आवाज आला नाही. शिवमही बोलला नाही. वीस किलोमीटर. अंधार. दोन्ही हात बांधलेले. आणि शेजारी कुणीतरी खांद्याला खांदा लावून बसलेलं. गार नाही, ऊनही नाही. नुसतं वजन. वळणावर गाडी कलली की ते वजन त्याच्या अंगावर यायचं आणि वळण सरलं की निघून जायचं, जसं कोणत्याही माणसाचं जातं.

खामगावात दार उघडलं तेव्हा दीड वाजला होता. रामनं टॉर्च मारला. शिवम एकटा बसलेला, मनगटं काळीनिळी, आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता. पट्टा सोडवायला दोघांना कात्री घ्यावी लागली.

"सकाळीच तो माझ्याकडं आला," इंद्रभान म्हणाला. "आंघोळ नाई, झोप नाई. म्हणे काका, सामान घेऊन टाका, मले नको. म्या त्याले आधी त्या गल्लीत नेलं. म्हातारा ओट्यावर बसला होता. बायको जित्ती होती, आत झोपून. शिवमनं पाय धरले. म्हाताऱ्यानं त्याले ओळखलंबी नाई."

पोरांनी सुटकेचा श्वास टाकला. एकानं विचारलं, मग झालं ना सारं नीट?

इंद्रभाननं खाली ठेवलेला स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलला आणि पुढचं सांगितलं.

त्या दिवशी दुपारी सामान पाहायला तो शिवमच्या घरी गेला होता. मिक्सर कुलूप लावलेल्या पेटीत होता. ही पेटी रात्री मागं नव्हतीच. ती पुढं, रामच्या पायाशी होती, आणि किल्ली शिवमच्या कमरेच्या करगोट्याला. इंद्रभानच्या देखत त्यानं कुलूप काढलं, कार्यक्रमानंतर पहिल्यांदाच.

मिक्सरवर कोणत्या बटणाला काय जोडलंय ते कळावं म्हणून शिवम पांढऱ्या चिकटपट्ट्या लावून वर पेनानं लिहायचा. लॅपटॉप. माईक एक. माईक दोन. आठ बटणं, आठ पट्ट्या. नववं बटण रिकामं असायचं. त्याला वायरच नव्हती.

नवव्या बटणाखाली ताजी पट्टी होती. बटण शेवटपर्यंत वर सरकवलेलं, पूर्ण आवाजावर.

पट्टीवर निळ्या पेनानं एकच शब्द होता. मागचा.

अक्षर शिवमचं होतं.