बाटुमीहून मागोमाग आलेला

ही गोष्ट घडलेली आहे. ज्या घरात घडली, त्याच घरात मी सून म्हणून आले. म्हणून छातीवर हात ठेवून सांगते.

साल १९२१, मार्च महिना. बाटुमी शहरात तुर्कांची आणि आमच्या जॉर्जियन पलटणींची जुंपली. दोन-तीन दिवसांत आटोपलं. शहर तुर्कांच्या हाती गेलं नाही. देश मात्र तोवर रशियाच्या लाल फौजेनं गिळला होता.

माझी आजेसासू पेलागिया. तिचा मुलगा एरास्ती त्या लढाईत होता. निरोप आला, बराकीच्या भिंतीपाशी पडला.

प्रेत मिळालं नाही.

आमच्याकडे परगावी मेलेल्याचा जीव घरी आणावा लागतो. नाहीतर तो तिथंच उघड्यावर राहतो. मेल्या जागी जायचं, चोंगुरी या आमच्या वाद्याच्या तारा छेडायच्या, नाव घेऊन हाक मारायची आणि वाजवत वाजवत घरी यायचं. मागे वळून बघायचं नाही.

पेलागिया तिच्या दिरासोबत गेली. भिंतीवरचे डाग अजून तसेच होते. तिनं तारा छेडल्या, पण ऐनवेळी तोंडातून नाव काही फुटेना. एवढंच निघालं, "चल बाळा, घरी चल."

परतीच्या वाटेवर मागे...

पावलं.

चिखलात रुतणारी. एक पाय ओढत येणारी.

दीर सामसोन हळूच म्हणाला, "वहिनी, जिवंतपणी तुझा पोरगा कधी असा निमूट तुझ्यामागं आला नव्हता."

ती रडता रडता हसली.

घरी एरास्तीच्या खोलीत अंथरूण घालून ठेवलं होतं. बघता बघता उशीला... खळगा पडला.

आठवड्यानं दारात एरास्ती उभा.

जिवंत. हात झोळीत, इस्पितळातून सुटून आलेला.

पेलागियानं त्याला कवटाळलं. त्यानं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. "आई, माझ्या खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही रे."

त्यानं जाऊन दार ढकललं. "मग कडी आतून कुणी लावलीय?"

सामसोन म्हणाला, आणला तसा पोचवून ये. ती चोंगुरी वाजवत वेशीपर्यंत गेली. मागे एकही पाऊल वाजलं नाही. परत आली, तर खोलीत... खाट करकरली.

"तुर्काचा जीव असेल," सामसोन म्हणाला.

"कुणाचा तरी आहे ना. हाक मीच मारली त्याला."

एका संध्याकाळी ती मक्याची भाकरी थापत होती. अंगणातून एरास्तीनं हाक मारली, "आई..."

त्याच क्षणी खोलीतूनही आली. भाषा आपली नव्हती. पण ती हाक कुणाला होती, हे आईला सांगावं लागत नाही.

पेलागियानं हात पुसले. क्षणभर मध्येच उभी राहिली.

आणि खोलीकडे गेली.

एरास्ती अंगणातून हे बघत होता. त्यानंतर त्यानं आईला कधी हाक मारली नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यातही नाही.

पेलागिया मात्र मरेपर्यंत मधेच हातातलं काम टाकून उठायची. "आले रे" म्हणायची.

आता ती नाही.

परवा भाकरी थापता थापता... मी उठले.