कपाटातला ताप

“ताई, बंद पडलेल्या वस्तूला ताप येतो का?” शेपटानं विचारलं.

टिचकीनं पत्ते पिसायचे थांबवले. शेपूट म्हणजे तिचा सात वर्षांचा भाऊ. ती जाईल तिथं हा मागोमाग, म्हणून शेपूट. सुट्टीत आजोळी आल्यापासून त्याच्या प्रश्नांची सरबत्ती चालूच होती, पण हा प्रश्न जरा वेगळा होता.

“कुठल्या वस्तूला?”

“मामाच्या लॅपटॉपला. आजोबांच्या कपाटात आहे, शर्टांच्या मागं, टॉवेलात गुंडाळलेला. मी बटण दाबून बघितलं, चालू होत नाही. पण गरम आहे चांगला.”

“साक्षीदार खोटं बोलतोय,” वकील म्हणाला. हा त्यांचा मावसभाऊ, तेरा वर्षांचा. साधं पाणी मागितलं तरी आधी दोन मुद्दे मांडायचा. “एक, बंद यंत्र गार असतं. दोन, लॅपटॉप कपड्यांत कोण ठेवेल?”

“आणि मामा तर म्हणाला, बसच्या ऑफिसात ठेवलाय,” टिचकी म्हणाली. तिच्या मनात पाल चुकचुकली.

त्या लॅपटॉपमध्ये काय होतं ते सांगायला हवं. आजोबांनी तीस वर्षं रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. झोपलेला हमालसुद्धा उठून उभा राहावा असा आवाज. मग घशाचं दुखणं निघालं, ऑपरेशन ठरलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आवाज राहणार नाही. तेव्हा टिचकीनं वही घेऊन यादी केली. ‘पाणी दे’पासून ‘दिवा कुणी चालू ठेवला?’पर्यंत चारशे बारा वाक्यं. पंधरा दिवस आजोबा मामाच्या लॅपटॉपसमोर बसून ती बोलत होते. ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि आता ती एका छोट्या यंत्रात घालायची होती. बटण दाबलं की आजोबा बोलणार, त्यांच्याच आवाजात. ते यंत्र घेऊन उद्या सकाळी मावशी येणार होती.

यादीतला एकच शब्द आजोबांनी खोडला होता. शाब्बास. “हा माझ्या तोंडात बसत नाही,” म्हणाले होते. टिचकीला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

चारशे बाराची दुसरी प्रत कुठंही नव्हती. मावशीनं मामाला तीनदा बजावलं होतं, “दुसरीकडं उतरवून ठेव रे.” मामानं तीनदा सांगितलं होतं, “ठेवतो गं.”

तिघं आजोबांच्या खोलीत गेले. आजोबा पलंगावर पडून कपाटाकडंच बघत होते. उशाची पाटी त्यांनी उचलून दाखवली. त्यावर लिहिलं होतं, ‘कपाटाला गोड वास येतो. सकाळपासून.’

टिचकीनं कपाट उघडलं. खरंच, फार पिकून गेलेल्या फळासारखा वास. शर्टांच्या मागून एक काळी तार भिंतीकडं गेली होती. आजोबांच्या उशापासून कपाट हातभर अंतरावर होतं, आणि काही झालं तर हाक मारायला त्यांच्याकडं आवाज नव्हता.

“काय चाललंय इथं?” दारात मामा उभा होता.

मामा शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात घरातल्या वस्तू दुरुस्त करायचा. त्यानं दुरुस्त केलेला पंखा हिवाळ्यातच फिरायचा. पण हौसेला मोल नाही.

“मामा, लॅपटॉपला काय झालंय?” टिचकीनं विचारलं.

“काही नाही. घरघरत होता म्हणून परवा खोलून आतला पंखा साफ केला. व्हिडिओ बघून. बारा स्क्रू काढले, अकरा लावले. एक कुठं पडला कोण जाणे. पलंगाखाली गेला असेल. एका स्क्रूनं काय अडतंय?”

“आणि तेव्हापासून चालू होत नाही,” वकील म्हणाला.

मामाचा चेहरा पडला. “बॅटरी पार उतरलीय. एक दिवसभर चार्जिंगला ठेवला की होईल. हे बघा, मावशीच्या कानावर घालायचं नाही. आणि ती तार कुणीही काढायची नाही. मध्येच काढली तर आतलं सगळं पुसलं जाईल. मग आजोबांचा आवाज तुमच्यामुळं गेला म्हणून समजा.” जाता जाता तो म्हणाला, “चार्जरच कमजोर असेल. नवीन घेऊन येतो.”

बाहेरचं दार लागलं.

“आधी तो स्क्रू शोधू,” टिचकी म्हणाली. तिघं पालथे पडले. पलंगाखाली, कपाटाखाली, गालिच्याच्या कडेनं. शेपटाला एक गुंडी आणि मेलेला भुंगा सापडला. स्क्रू नाही.

“बाहेर नाही, म्हणजे आत आहे,” वकील म्हणाला. आता त्याच्या आवाजात वकिली नव्हती.

टिचकीनं टॉवेल हळूच बाजूला केला आणि लॅपटॉप तिथंच फळीवर बोटानं दाबून पाहिला. तो एका पायानं आखूड असलेल्या खुर्चीसारखा डुगडुगला. त्याचं पोट फुगलं होतं. आणि शेपूट म्हणाला होता त्याहून तो कितीतरी जास्त गरम होता.

“स्क्रू बॅटरीखाली अडकलाय, तिला टोचतोय,” ती म्हणाली. “वरून आपण तिला वीज पाजतोय.”

“मग तार काढ ना.”

“आणि पुसलं गेलं तर?” टिचकीचा हात भिंतीवरच्या बटणापाशी जाऊन थांबला. पंधरा दिवस ती आजोबांसमोर बसली होती. शेवटी शेवटी प्रत्येक शब्दाला त्यांना किती दुखायचं ते तिनं पाहिलं होतं. तो सगळा आवाज आता तिच्या एका बोटावर आला होता. तिनं आजोबांकडं पाहिलं. “मामा म्हणतो, तार काढली तर तुमचा आवाज जाईल. मला भीती वाटते, आजोबा.”

आजोबांनी पाटी पुसली. सावकाश लिहिलं. ‘माणसं आधी. काढ.’

तिनं बटण बंद केलं आणि तार काढली.

मग मात्र कुणी थांबलं नाही. वकील गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना आणायला धावला. टिचकीनं लॅपटॉप पत्र्याच्या मोठ्या ताटात सरकवला, ताट कडांना धरून मागच्या अंगणात नेलं आणि भिंतींपासून दूर, फरशीच्या मधोमध ठेवलं.

“मामा आला की परत लावेल,” शेपूट म्हणाला.

सातच वर्षांचा, पण बोलला लाखाचं. टिचकीनं स्वयंपाकघरातून भाजी चिरायची लाकडी फळी आणली, टॉवेलात गुंडाळली, शर्टांच्या मागं ठेवली आणि तारेचं टोक टॉवेलात खोचलं. आजोबा सगळं बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. हसताना त्यांचा आवाज येत नसे.

मामा नवा चार्जर घेऊन आला. “कुणी हात लावला नाही ना?”

आजोबांनी पाटी दाखवली. ‘नाही.’ जन्मात खोटं न बोललेला माणूस.

मामानं टॉवेलावर तळहात ठेवला आणि त्याचा चेहरा उजळला. “बघा, गार पडला! म्हटलं नव्हतं, एक दिवस धीर धरा? सुधारतोय बरं का.” नव्या चार्जरची पिन कुठं घालायची म्हणून त्यानं टॉवेल चाचपला. मग उलगडला. फळीवर कांद्याची दोन सालं चिकटलेली होती.

“माझा लॅपटॉप कुठाय?” मामाला घाम फुटला.

उत्तर अंगणातून आलं. “सगळे लांब उभे राहा,” असा बाईचा आवाज. दुरुस्तीवाल्या बाई चष्मा आणि जाड मोजे घालून ताटापाशी बसल्या होत्या. शेजारी वाळूची बादली. त्यांनी खालचं झाकण काढलं, बॅटरीची जोडणी सोडवली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं ती उशीसारखी फुगलेली, तोच गोड वास सोडणारी बॅटरी अलगद उचलून वाळूत ठेवली. तिच्या खालच्या अंगाला काळा डाग होता, आणि डागाच्या मधोमध बारावा स्क्रू रुतला होता.

“आता घराकडं चला,” बाई म्हणाल्या.

जेमतेम दारापर्यंत पोचले असतील, तोच मागून फुस्स असा आवाज आला. वाळूतून पांढरा धूर उसळला, मग बादलीच्या तोंडावर जाळ उभा राहिला. बाईंनी लांबूनच आणखी वाळू ओतली. शेपूट टिचकीला घट्ट धरून उभा होता.

सगळ्यांनी वळून आजोबांच्या खोलीकडं पाहिलं. कपाट. शर्ट. उशी. मामा पायरीवर मटकन बसला. “मी इथं ठेवला होता,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“तार तुझ्या या भाचीनं काढली, म्हणून हे अंगणात झालं,” बाई म्हणाल्या. “आणि तारेनं काही पुसलं जात नसतं. ही थाप कुणाची?”

मामानं नवा चार्जर हळूच खिशात घातला.

बाईंनी लॅपटॉपमधून बोटाएवढी डिस्क काढली, आपल्या यंत्राला जोडली आणि ते आजोबांच्या पलंगावर ठेवलं. पडदा बराच वेळ काळाच राहिला. टिचकीनं वही छातीशी धरली होती. मग अक्षरं उमटली, आणि बाईंनी पहिलीच ओळ दाबली.

“पाणी दे,” आजोबांचा आवाज म्हणाला. खणखणीत, स्टेशनवरचा.

टिचकीला रडू आवरेना. डोळे पुसून तिनं यादी वहीशी ताडून पाहायला घेतली आणि शेवटाला अडखळली. “माझ्या वहीत चारशे बारा आहेत. इथं चारशे चौदा.”

आजोबांनी तिचा हात बाजूला केला आणि स्वतः चारशे तेराव्या ओळीवर बोट ठेवलं. आधी खोकला ऐकू आला, मग तोच आवाज, पण हळू, कुणी ऐकू नये असा.

“शाब्बास, पोरांनो. कशाबद्दल ते मला आज ठाऊक नाही. पण लागेल.”

वकिलानं तीच ओळ पुन्हा एकदा दाबली.

“ही डिस्क उद्यापर्यंत माझ्याकडं ठेवू का?” मामानं हळूच विचारलं आणि हात पुढं केला.

आजोबांनी शेवटची ओळ दाबली.

“तू हात लावू नकोस.”