कुपूल

किल्ल्या बनवणाऱ्यांच्या त्या घरात कुलपाला कुणी कुलूप म्हणत नसे. दादा लहानपणी बोबड्या बोलात "कुपूल" म्हणाला आणि घरादाराने तेच उचललं. वडील तर दुकानातही तसंच म्हणायचे. गिऱ्हाइकं हसली की म्हणायचे, "काही म्हणा, उघडल्याशी मतलब."

पुढे दादा कामासाठी म्हणून दूर गेला तो गेलाच. वडीलही गेले. धाकटीने दुकान सांभाळलं, आईला सांभाळलं, आणि आपण एकट्या आहोत हे कुणाला सांगायचं तेही तिला उमगलं नाही. अशात एक दिवस दादा दारात उभा! हनुवटीवरचा व्रण जागच्या जागी, हसणं तेच. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बऱ्याच वर्षांनी ती पोटभर जेवली.

जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "आई, दाराला कुलूप लावू ना?"

धाकटी भांडी आवरता आवरता थांबली.

"इतकी वर्षं बाहेर होता तो," आई नंतर तिच्यावर चिडली. "आपल्याच माणसात कसली गं खुसपटं काढतेस!"

तो दुकानात येऊन बसू लागला. कामाला हात लावायचा नाही, नुसता बघायचा. ती कानस कशी धरते, पितळेचा कीस फुंकताना डोळे कसे मिटते, मग शिंक आली की "अगं आई" कशी म्हणते.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "नकली किल्ली हुबेहूब होते का हो?"

धाकटीच्या आधी तोच बोलला. "अस्सल थोडा वेळ हाती लागली की झालं. कुलपाला काय कळतंय?"

गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलंच, "दादा, तू लहानपणी कुलपाला काय म्हणायचास?"

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. "तूच सांग ना."

तो दादाच निघावा असं तिलाही फार वाटत होतं. एकटीने घर ओढून ती थकली होती.

"कुपूल," ती म्हणाली.

"कुपूल," तो म्हणाला. अगदी तिच्यासारखं, शेवटी जरासं रेंगाळून. मग उठला. "आईजवळ बसतो जरा."

दिवेलागणीला ती घरी पोचली. स्वतः घासलेली किल्ली दारात फिरेना. तिने कडी वाजवली.

"कोण?" आतून आई.

"मी, धाकटी. दार उघड."

मग आई कुणाला तरी म्हणाली, "अगं, बाहेर कुणीतरी तुझं नाव सांगतंय."

आत कुणीतरी शिंकलं. "अगं आई."

धाकटीने दाराला कान लावला.

"उघडू नकोस," आतून तिचाच आवाज म्हणाला. "मी कुपूल लावलंय."